शनिवारचा डबा

दर शनिवारी शाळा सुटली, शेवटच्या वर्गाचा गलका फाटकाबाहेर गेला, की आमच्या कार्यालयात एक लहानसा समारंभ होतो. मुख्याध्यापिकाबाई कपाटातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढतात. मी त्यात पत्त्यांच्या जोडाएवढी एक हार्ड डिस्क फडक्यात गुंडाळून ठेवतो आणि शेजारी ओल शोषून घेणाऱ्या दोन पुड्या टाकतो. नव्या बुटांच्या खोक्यांत निघतात त्याच. मग एका वहीत तारीख, वेळ आणि डिस्कचा क्रमांक लिहिला जातो. बाई सही करतात, मी सही करतो, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसलेले आमचे निवृत्त लेखनिक चष्मा पुसून तिसरी सही करतात. त्यांच्या कापडी पिशवीतून गेल्या शनिवारचा डबा बाहेर येतो, आजचा आत जातो, आणि छत्री काखेत मारून ते एस. टी.च्या थांब्याकडे चालू लागतात.

नव्याने लागलेले शिक्षक हा प्रकार पाहून हसतात. परवा एकाने विचारलेच, "गुरुजी, एवढं काय आहे त्यात? शाळेचे दागिने?"

"दागिने असते तर एवढी काळजी घेतली नसती," मी म्हणालो.

त्याला तो विनोद वाटला. मला मात्र त्या विनोदाची किंमत ठाऊक आहे, आणि ती मी एकट्याने भरलेली नाही, म्हणूनच आज हे सारे लिहायला बसलो आहे.

आमच्या या लेखनिकांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते त्यांचे नाव नव्हे. कोणत्याही कचेरीतल्या लेखनिकाला भाऊसाहेब म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. पण काही माणसांच्या अंगावर असे सार्वजनिक नाव इतके बेताचे बसते की त्यांचे खरे नाव हजेरीपटाबाहेर कुणाला आठवत नाही. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद, त्यांनी तीस वर्षे आपल्या हाताने लिहिले. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, पूर्वीची शाळा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. कारणाच्या रकान्यात 'वडिलांची बदली' असे असायचे, 'मुंबईस गेला' असे असायचे, क्वचित नुसते 'मयत' असायचे. तो शब्द लिहिताना भाऊसाहेब टाक थोडा हलका धरीत असावेत. ती अक्षरे नेहमी इतरांपेक्षा पुसट दिसत.

शाळेत २००९ साली पहिला संगणक आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. भाऊसाहेबांनी मात्र त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "हा फुटला, जळला, भिजला, तर यातलं लिहिलेलं कुठं जातं?"

संगणक बसवायला आलेला मुलगा हसून म्हणाला, "बॅकअप ठेवायचा, काका."

भाऊसाहेबांनी तो शब्द मनावर घेतला. दर शनिवारी ते सगळ्या माहितीची एक प्रत काढीत, बिस्किटांच्या डब्यात घालून घरी नेत आणि सोमवारी परत आणीत. त्यांचे घर नदीपासून दूर, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत. कुणी त्यांना तसे करायला सांगितले नव्हते. ते चिपळूणचे होते, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

चिपळूणकराला पाण्याविषयी सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत जो पाऊस कोसळला त्याची चर्चा साऱ्या देशाने केली. त्याच दिवसांत आमची वाशिष्ठीही गावात शिरली होती. १८६४ साली स्थापन झालेल्या आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तके तेव्हा चिखलात गेली. आमच्या शाळेच्या कार्यालयात भिंतीवर पाण्याची एक तपकिरी रेघ उमटली होती. रंग देताना आम्ही ती मुद्दाम राखली, आणि तिच्याखाली भाऊसाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात तारीख घातली.

आता माझा या प्रकरणाशी संबंध कसा आला ते सांगतो. मी शिकवतो चित्रकला. संगणकाशी माझे नाते एवढेच की मी कादंबऱ्या लिहितो आणि त्या संगणकावर लिहितो. पण शाळेत ज्याला टंकलेखन येते तो संगणकतज्ज्ञ ठरतो. २०१८ साली जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांचे एक प्रशिक्षण होते, त्याला मला पाठवण्यात आले. तिथे एका हुशार तरुणाने माहितीच्या सुरक्षिततेवर व्याख्यान दिले. त्यातली एक हकीकत माझ्या मनात घर करून राहिली. २००७ साली इंग्लंडच्या करखात्याने मुलांसाठी भत्ता घेणाऱ्या सगळ्या कुटुंबांची माहिती दोन तबकड्यांवर उतरवून खात्याच्या अंतर्गत टपालाने, नोंदही न करता, दुसऱ्या कचेरीकडे धाडली. अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा, बँकेचे खातेक्रमांक. आणि त्या तबकड्या पोहोचल्याच नाहीत. कधी सापडल्याही नाहीत. त्या खात्याच्या प्रमुखाला जागा सोडावी लागली.

त्या रात्री परतीच्या गाडीत मला सारखा तो बिस्किटांचा डबा दिसत होता. शेकडो मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, पत्ते, आणि हे सगळे एस. टी.त, भाजीच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली! मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती थोडासा अधिकार आला म्हणजे तो जे करतो तेच मी केले. सूचनावहीत नियम लिहिला: शाळेच्या कोणत्याही संगणकीय प्रती आवाराबाहेर नेऊ नयेत, सर्व प्रती कार्यालयातील लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात.

भाऊसाहेबांनी सूचना दोनदा वाचली आणि खाली सही केली. मग एवढेच विचारले, "गुरुजी, आणि पाणी आलं तर?"

मी उत्तर तयार ठेवले होते. कपाटाचा वरचा खण २००५ च्या रेघेपेक्षा चांगला हातभर उंच होता. मी तो त्यांना बोटाने दाखवला. ते काही बोलले नाहीत. सोमवारी त्यांनी घरच्या दोन्ही प्रती आणून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि 'मिळाल्या' असे माझ्याकडून लिहून घेतले.

त्या प्रतींत काय होते ते सांगायला हवे. २०१६ आणि २०१७ च्या मे महिन्यांच्या सुट्ट्यांत भाऊसाहेबांनी आणि मी शाळेची सगळी जुनी रजिस्टरे पान पान करून संगणकात उतरवली होती. मी पानाचे छायाचित्र घ्यायचे, त्यांनी पान उलटायचे. घामाचे थेंब पानावर पडू नयेत म्हणून त्यांनी कपाळाला रुमाल बांधलेला असायचा. कधी एखाद्या नावाशी थांबून ते म्हणत, "हा पुढे मोठा डॉक्टर झाला," किंवा "हिचं अक्षर फार सुंदर होतं, सातवीतून काढली." कादंबरीकाराला इतकी पात्रे इतक्या थोड्या वेळात कुठे भेटायची?

२०२१ च्या २१ जुलैच्या रात्री पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही. २२ तारखेला पहाटे पाणी बाजारात शिरले. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, मुले घरी होती, एवढेच एक नशीब. पाणी ओसरल्यावर आम्ही कार्यालयाचे दार चार जणांनी मिळून ढकलले तेव्हा कपाट आडवे पडले होते आणि भिंतीवरची नवी रेघ जुन्या रेघेच्या कितीतरी वर होती. माझा तो हातभर उंच खण मी तिच्याखाली शोधत राहिलो.

कुलूप मात्र शाबूत होते. ते उघडायला आम्हाला लोहार बोलवावा लागला.

यानंतर मी जी चूक केली ती अज्ञानाची आहे, पण तिची शिक्षा अज्ञानापेक्षा मोठी झाली. डिस्क बाहेर काढून, पुसून, मी दोन दिवस उन्हात ठेवली आणि मग संगणकाला जोडली. तिच्यातून आधी घरघर ऐकू आली, मग घड्याळासारखी टकटक, आणि मग काहीच नाही. पुढे पुण्यात अशा डिस्कांतून माहिती काढून देणाऱ्या दुकानात गेलो तेव्हा तिथला माणूस हळहळला. डिस्कच्या आत एक गुळगुळीत चकती मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते, आणि तिचे लिहिणारे-वाचणारे टोक चकतीला न टेकता केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून फिरते. तिथे धुळीचा कण म्हणजे रस्त्यात धोंडा. पुराचे पाणी हवेच्या बारीक छिद्रातून आत गेले की गाळ ठेवून जाते, आणि अशी डिस्क चालू केली की टोक त्या गाळासकट चकती खरवडते. "चालवायची नाही, वाळवायचीही नाही," तो म्हणाला, "ओली होती तशीच पिशवीत बांधून आणली असती तर काहीतरी करून पाहिलं असतं." म्हणजे पुराने जे नेले नव्हते ते मी उन्हात वाळवून आणि कळ दाबून घालवले. शाळेत २०१० साली काढलेल्या काही सीडीही होत्या. त्या प्रकाशाने आणि दमटपणाने पुरापूर्वीच वाचेनाशा झाल्या होत्या, हे आम्हाला पुरानंतर कळले. त्या अकरा वर्षांत एकदाही कुणी त्या लावून पाहिल्या नव्हत्या.

कागदाची रजिस्टरे आम्ही एकेक पान सोडवून, मध्ये कोरे कागद घालून, पंख्याखाली वाळवू लागलो. पण गावात दिवस दिवस वीज नव्हती, घराघरांत चिखल होता, आणि ओल्या कागदाला बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. जुन्या निळ्याकाळ्या शाईची अक्षरे पाण्याला दाद देत नव्हती. शाई टिकली आणि तिच्याखालचा कागदच गेला. काही रजिस्टरांची तर वीट झाली. २०१५ पासूनच्या मुलांची माहिती शासनाच्या 'सरल' प्रणालीत होती, ती मिळाली. त्याआधीची पुष्कळशी गेली.

भाऊसाहेब आदल्या वर्षीच निवृत्त झाले होते, तरी ते आठवडाभर आमच्याबरोबर चिखल उपसत होते. घरच्या प्रतीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. कुठेतरी एक वेडी आशा होती की त्यांनी माझा नियम मोडला असेल, एखादी प्रत घरात राहू दिली असेल. विचारले नाही तोवर ती आशा जिवंत होती.

विचारावे लागले ते २०२२ साली. एक मुलगी वडिलांबरोबर शाळेत आली. अभियांत्रिकीला तिचा नंबर लागला होता आणि जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेची नोंद हवी होती. इतर मागासवर्गात मोडणाऱ्यांना १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि अशा वेळी सगळ्यांना जुनी शाळा आठवते. आजोबा १९५१ साली आमच्या शाळेत पहिलीत दाखल झाले होते. ते पान मी स्वतः छायाचित्रात घेतलेले मला आठवत होते, कारण त्याच पानावर भाऊसाहेबांच्या काकांचेही नाव होते. आता ते रजिस्टर म्हणजे एक तपकिरी वीट होती. मुलीचे वडील काही बोलले नाहीत. ती मात्र मला म्हणाली, "सर, कुठेतरी एक तरी कॉपी असेल ना?"

त्या संध्याकाळी मी भाऊसाहेबांच्या वाडीत गेलो. ते ओटीवर बसून सुपारी कातरीत होते. मी हकीकत सांगितली आणि शेवटी ओशाळून म्हणालो, "भाऊसाहेब, चुकून एखादी प्रत राहिली असेल घरात, तर मी काही विचारणार नाही."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गुरुजी, तुम्ही नको म्हणालात. मी सही केली. मग कशी ठेवीन?"

त्यांच्या स्वरात राग असता तर मला बरे वाटले असते. ते आत गेले आणि तो बिस्किटांचा डबा घेऊन आले. आत स्वच्छ धुतलेले फडके, दोन पुड्या आणि एक चोपडे. चोपड्यात शनिवारच्या तारखा होत्या: 'नेले', 'आणले', आठ-नऊ वर्षांत एक आठवडा चुकलेला नव्हता. शेवटच्या नोंदीपुढे लिहिले होते, 'दोन्ही प्रती गुरुजींच्या ताब्यात दिल्या. डबा रिकामा.'

पावसात भिजत घरी आलो आणि सवयीने लिहायला बसलो. माझी कादंबरी तेव्हा अर्धी झाली होती. कपाट उघडले, तर तिची एक वही समोर. दुसरी प्रत संगणकात. तिसरी सासुरवाडीच्या ट्रंकेत. दर दोन महिन्यांनी तिथे जाताना मी ती बदलून ठेवीत असे. चौथी कोल्हापूरच्या मित्राला पाठवलेली. कुणीही छापण्याची घाई केली नव्हती अशा कादंबरीच्या चार प्रती मी तीन गावांत ठेवल्या होत्या, आणि हजारो मुलांच्या नावांसाठी एक कपाट मला पुरेसे वाटले होते! भाऊसाहेबांना शाळेचे रजिस्टर माझ्या कादंबरीइतके आपले वाटत होते. मला ते शाळेचे वाटत होते. पुरापेक्षाही ही गोष्ट मला त्या रात्री जास्त खोल गेली.

पण नुसता पश्चात्ताप करून भागणार नव्हते, कारण माझी भीतीही खोटी नव्हती. मी पुष्कळ विचार केला, पुण्यात संगणकाचे काम करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याशी बोललो, तेव्हा गुंता थोडा सुटला. वस्तूला शत्रू दोन असतात: एक चोरी आणि दुसरा नाश. चोरीपासून राखायचे तर प्रती थोड्या हव्यात, जवळ हव्यात, कुलपात हव्यात. नाशापासून राखायचे तर त्या पुष्कळ हव्यात आणि लांब लांब हव्यात. एकाला लावलेले दार दुसऱ्याला उघडे असते. मी चोराला दार लावले आणि नदीला उघडे ठेवले. भाऊसाहेबांनी नदीला लावले आणि चोराला उघडे ठेवले होते. आम्ही दोघेही अर्धे बरोबर होतो, पण नियम लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे होता.

त्या विद्यार्थ्याने मला 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाची हकीकत सांगितली. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत त्याचे काम चालू असताना कुणीतरी चुकून दिलेल्या एका आज्ञेने चित्रपटाचा बहुतेक भाग संगणकातून पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. तेव्हा आठवले की गेलिन सुसमन नावाच्या तिथल्या बाई बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकात एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत ठेवून, जपून कंपनीत आणला गेला आणि चित्रपट वाचला. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे फडक्यात गुंडाळलेली डिस्क आली. तिकडचे पांघरूण आणि इकडचे फडके यांत मला फारसे अंतर दिसेना.

लग्नात नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. बॅकअपला मी मनातल्या मनात तेच नाव दिले आहे. मात्र ही पाठराखीण उलट स्वभावाची: ती नवरीच्या घरात राहिली की निरुपयोगी. जाणकार लोक एक सोपा हिशेब सांगतात: प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या कपाटात नव्हे. जिथे आपले पाणी आणि आपली आग पोहोचत नाही अशा ठिकाणी.

ही योजना संस्थेच्या सभेत मांडली तेव्हा आमचे सचिव म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? आगीला दाद न देणारी तिजोरीच घेऊ." चांगला विचार होता, पण त्यातही एक मेख निघाली. कागदासाठी केलेली तिजोरी आतला कागद जळू नये एवढेच पाहते. म्हणजे आतली उष्णता सुमारे १७५ अंशांपर्यंत चढली तरी तिचे काम झाले. संगणकाच्या चकत्या आणि फिती पन्नास अंशांच्या थोडे पुढेच दगावू लागतात. शिवाय तिजोरी उचलून डोंगरावर न्यायची कुणी?

राहिला चोरीचा प्रश्न. मुलांची माहिती घराघरांतून हिंडवणे तेव्हाही योग्य नव्हते, आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाल्यापासून तर मुळीच नाही. त्याचे उत्तर मला आपल्या वाङ्मयातच सापडले. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची पोथी खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे महानुभावांची परंपरा सांगते. आठवण ही त्यांची दुसऱ्या गावची प्रत. आणि पाठभेद हे तिचे व्रण. पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पोथी कुणाच्याही हाती पडो, किल्ली नसलेल्याला ती वाचता यायची नाही. आमच्या डिस्कवरची माहिती आता तशाच गुप्त लिपीत असते. भाऊसाहेब डबा नेतात, पण आतले एक अक्षर त्यांना वाचता येत नाही आणि एस. टी.तल्या चोरालाही येणार नाही. टपालवाला पाकीट नेतो, तसे.

पण लिपीची दुसरीही बाजू आहे. किल्ली पंथाबाहेर गेली नाही, म्हणून ते ग्रंथ शतकानुशतके इतर मराठी वाचकांना जणू नव्हतेच. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांपुढे ते उलगडले. पासवर्ड एकट्या माझ्या डोक्यात असला आणि मी उद्या नसलो तर शाळेचेही तेच होईल. म्हणून तो दोन लिफाफ्यांत लिहून, लाखेने बंद करून, एक बाईंकडे आणि एक सचिवांच्या घरी ठेवला आहे. डब्याशेजारी मात्र तो कधीही ठेवायचा नाही. कुलपाला किल्ली बांधून कुणी घराबाहेर पडत नाही.

आणखी दोन नियम चुकांतून आले. पहिला: महिन्याच्या पहिल्या शनिवारी परत आलेली डिस्क नुसती कपाटात ठेवायची नाही. ती जोडायची, कुठल्याही एका मुलाचे नाव काढायचे आणि त्याचा दाखला छापून पाहायचा. परत आणून पाहिलेली नाही ती प्रत नव्हे, प्रतीची समजूत. दुसरा: जुनी डिस्क भंगारात द्यायची नाही. संगणकात पुसणे म्हणजे अनुक्रमणिकेतली ओळ खोडणे. प्रकरण पुस्तकात तसेच राहते. पुरानंतर भंगारवाला भिजलेले संगणक वजनावर न्यायला आला होता आणि मी ते देतही होतो. शिपाईमामांनी विचारले, "गुरुजी, आतलं काळीज काढलंत का?" तेव्हा डिस्का काढून, हातोडीने फोडून, त्याची नोंद आम्ही वहीत केली.

ती वही म्हणजे भाऊसाहेबांचे चोपडे. संस्थेने रीतसर ठराव करून डब्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली तेव्हा त्यांनी तेच चोपडे आणून पुढे चालू केले. 'डबा रिकामा' या ओळीनंतर चार वर्षांचे अंतर आहे. ते झाकण्यासाठी नवे पान घेऊ या असे मी सुचवले. ते म्हणाले, "असू दे. वाचणाऱ्याला कळू दे."

त्या मुलीचे पुढे काय झाले हे वाचकांना विचारावेसे वाटेल. तिच्या वडिलांनी तहसीलमध्ये कोतवाल बुके धुंडाळली, दोन गावे पालथी घातली, आणि अखेर आजोबांच्या बहिणीची नोंद डोंगरावरच्या एका लहान शाळेत सापडली. पडताळणी झाली, पण तोवर मुदत टळून गेली होती. मुलीचे एक वर्ष गेले. मागच्या वर्षी ती पेढे घेऊन शाळेत आली होती. शनिवार होता. भाऊसाहेब डबा घेऊन निघण्याच्या बेतात होते.

तिने विचारले, "यात काय आहे, आजोबा?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"नावं," ते म्हणाले. "तुझंही आहे."

आणि डबा पिशवीत नीट आडवा ठेवून ते पायरी उतरले.